वाचक विचारतात : फ्लीट वॉकरचे ४२ सामने

मागच्या अंकात एका हंगामापुरत्या चमकलेल्या खेळाडूंच्या पानावर अमेरिकेतल्या मोझेस फ्लीटवुड वॉकर या बेसबॉलपटूबद्दल चार ओळी छापल्या होत्या : १८८४ मध्ये टोलेडो संघाचा कॅचर (बॅटरच्या मागे उभा राहणारा, आपल्या यष्टिरक्षकासारखा), कृष्णवर्णीय, मेजर लीगमध्ये (म्हणजे सर्वांत वरच्या दर्जाच्या लीगमध्ये) ४२ सामने, नंतर बाहेर. त्या चार ओळींवर इतकी पत्रं आली की या वेळचा सगळा स्तंभ वॉकरलाच दिला आहे. बेसबॉलचा जो नियम समजल्याशिवाय उत्तर कळणार नाही, तो त्या त्या उत्तरातच सांगितला आहे.

४२ सामन्यांत कारकीर्द आटोपली म्हणजे खेळच कमी पडला असणार. वर्णभेदाचं कारण मागाहून जोडलेलं तर नाही ना?
— एक वाचक, पुणे

खेळ कमी पडला नव्हता. वॉकरने त्या हंगामात १५२ ॲट-बॅटमध्ये (बॅटिंगच्या पाळ्यांत) ४० हिट (बेस गाठून देणारे फटके) मारल्या, सरासरी ०.२६३. अमेरिकन असोसिएशन या त्याच्या मेजर लीगची त्या वर्षीची एकंदर सरासरी ०.२४० च्या आसपास होती. म्हणजे लीगमधल्या सर्वसाधारण बॅटरपेक्षा तो चांगला होता, तेही ४२ पैकी ४१ सामने कॅचर म्हणून खेळून. कॅचरचे हात दिवसभर मार खात, त्यामुळे त्याच्या बॅटकडून फारशी अपेक्षाच नसे.

खरी तुलना त्याच संघात सापडते. टोलेडोचा दुसरा कॅचर डीकन मॅग्वायर. त्याचंही मेजर लीगमधलं हे पहिलंच वर्ष. तो ४५ सामने खेळला आणि त्याची सरासरी होती ०.१८५. हाच मॅग्वायर पुढे १९१२ पर्यंत एकूण २६ हंगामांत मेजर लीगमध्ये खेळला. तो विक्रम १९९३ मध्ये नोलन रायनने मोडला. मॅग्वायर गोरा होता.

आता वॉकर बाहेर कसा पडला ते क्रमाने पाहू, कारण इथे बऱ्याच लेखांत घाईने ‘रंगामुळे काढलं’ असं लिहून टाकतात. जुलै १८८४ मध्ये बॅटला पुसटसा लागून आलेला फाउल चेंडू बसून त्याची बरगडी मोडली. ती धड बरी होण्याआधीच हंगाम संपत आला. टोलेडो क्लबकडे पैसे उरले नव्हते, महागडे करार मोडायला सुरुवात झाली होती, आणि २२ सप्टेंबरला वॉकरला मोकळं केलं. १२ संघांची लीग पुढच्या वर्षी ८ संघांची झाली आणि त्यात टोलेडो क्लबच गेला. इथवरच्या सगळ्या गोष्टी कोणाही गोऱ्या खेळाडूच्या वाट्याला येऊ शकल्या असत्या आणि आल्याही.

फरक पडला तो पुढे. मॅग्वायरचाही क्लब बुडाला होता, पण १८८५ मध्ये त्याला नॅशनल लीग या दुसऱ्या मेजर लीगच्या डेट्रॉइट संघाने घेतलं. वॉकरला एकाही मेजर लीग संघाने बोलावलं नाही, आणि तो तर पुढे १८८९ पर्यंत खालच्या लीगमध्ये खेळत होता. त्याला काढलं त्याचं कारण बरगडी आणि पैसा. परत घेतलं नाही त्याचं कारण रंग. ही दोन कारणं वेगवेगळी ठेवली तरच हे प्रकरण नीट समजतं.

‘छोटी कारकीर्द’ हे मेजर लीगच्या वहीपुरतंच खरं आहे, हेही लक्षात ठेवावं. १८८३ ते १८८९ असे सात हंगाम वॉकर पैसे घेऊन खेळणारा खेळाडू होता : टोलेडो, क्लीव्हलँड, वॉटरबरी, नेवार्क, सिरॅक्यूज.

मी क्लब क्रिकेटमध्ये यष्टिरक्षण करतो. ग्लोव्हज नसताना पिचरचा चेंडू दिवसभर घेणं शक्य तरी कसं होतं? तंत्र काय असायचं?
— एक वाचक, कोल्हापूर

आधी चेंडू आणि अंतर. बेसबॉल १४२ ते १४९ ग्रॅमचा असतो, आपल्या क्रिकेटच्या चेंडूपेक्षा किंचित हलका. १८८४ मध्ये पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा, आखलेल्या चौकटीतून फेकायचा आणि चौकटीची पुढची रेघ होम प्लेटपासून (बॅटर जिच्याशेजारी उभा राहतो तिच्यापासून) ५० फुटांवर होती. आजचं ६० फूट ६ इंच हे अंतर १८९३ मध्ये आलं. चेंडू खालून फेकायचे दिवस संपले होते. खांद्याच्या उंचीपर्यंत हात नेऊन फेकायला मुभा मिळाली होती, आणि नॅशनल लीगने तर त्याच वर्षी ती मर्यादाही उठवली. म्हणजे पिचरचा वेग वाढला होता, अंतर जवळचं होतं आणि कॅचरच्या हातात मात्र जवळपास काही नव्हतं. गादीसारखा मोठा मिट १८८० च्या दशकाच्या अगदी शेवटी आला. तोवर फार तर बोटं कापलेले चामड्याचे हातमोजे, तळव्यात थोडंसं अस्तर. टोलेडोच्या बॅट सांभाळणाऱ्या मुलाने पुढे सांगितलेली आठवण अशी की, वॉकर कधीमधी मेंढीच्या कातड्याचे, बोटं चिरलेले साधे हातमोजे घालायचा, पण बहुतेक वेळा उघड्या हातांनीच घ्यायचा.

तंत्राचं पहिलं सूत्र उभं राहण्याच्या जागेचं. बेसवर (धावताना गाठायच्या थांब्यावर) रनर नसेल तेव्हा कॅचर प्लेटच्या मागे दहा ते वीस फूट उभा राहायचा आणि चेंडू बहुतेकदा टप्प्यावर घ्यायचा. या लीगमध्ये फाउल उडालेला चेंडू एका टप्प्यावर पकडला तरी बॅटर बाद होत असे, त्यामुळे मागे राहण्यात फायदाही होता. पण बेसवर रनर आला, किंवा बॅटरवर दोन स्ट्राइक झाले (तिसऱ्याला तो बाद), की कॅचरला पुढे थेट बॅटमागे यावं लागे. मागे राहिला तर रनर बेस चोरणार, म्हणजे फटका नसतानाच पळून पुढचा बेस गाठणार. आणि तिसरा स्ट्राइक टप्पा न पडता झेलला नाही तर बॅटर पहिल्या बेसकडे पळू शकणार. म्हणजे सामना अटीतटीला आला की कॅचर धोक्याच्या जागी उभा.

दुसरं सूत्र हातांचं. दोन्ही मनगटं जवळ, तळवे वाटीसारखे, बोटं सैल. छातीच्या वरच्या चेंडूला बोटं आकाशाकडे, कमरेखालच्या चेंडूला जमिनीकडे. चेंडूच्या दिशेने रोखलेली कधीच नाहीत. चेंडू हाताला लागताच हात अंगाकडे ओढून घ्यायचे, म्हणजे धक्का वाटला जातो. हे तुम्ही ग्लोव्हज घालूनही करता, फक्त तुमची चूक ग्लोव्हज पोटात घालतात.

चुकायचं कुठे, तर ‘फाउल टिप’ या चेंडूवर. चेंडू बॅटची कड घेऊन दोन-तीन इंच वाकतो, तळव्याऐवजी बोटाच्या टोकावर सरळ आदळतो, आणि मग एक तर पेर निखळतं, नाही तर नखाजवळची शीर तुटून बोटाचं टोक कायमचं वाकडं राहतं, किंवा बोटांमधली कातडी फाटते. हे टाळता का येत नाही ते हिशेबाने बघा. समजा चेंडू ताशी १२० किलोमीटरने येतोय. ५० फुटांचं अंतर कापायला त्याला साधारण ०.४६ सेकंद लागतात. पण दिशा बदलते ती बॅटपाशी, आणि तिथून कॅचरचे हात सव्वा मीटरवर. तेवढ्यासाठी सेकंदाचा पंचविसावा भागही मिळत नाही. डोळ्याने पाहून हात हलवायला माणसाला सेकंदाचा पाचवा भाग तरी लागतोच. म्हणजे ‘फाउल टिप’पुढे तंत्राचं काही चालत नाही. हात आधीपासून योग्य ठेवणं एवढंच कॅचरच्या हाती होतं.

निखळलेलं बोट मैदानावरच ओढून जागेवर बसवायचं, शेजारच्या बोटाला बांधायचं, आणि खेळ पुढे चालू. बदली खेळाडू मोकळेपणाने आणता येत नसे, आजारपण किंवा दुखापत असेल तरच. ‘हात दुखावल्यामुळे विश्रांती’ हे वाक्य त्या काळच्या वर्तमानपत्रांत सारखं भेटतं. त्याच कारणाने क्लब दोन-तीन कॅचर बाळगायचे आणि हात बरे होतील तसे आलटून पालटून खेळवायचे. हंगामात शंभरावर सामने असताना एकटा वॉकर ४१ सामने कॅचर राहिला, हे या हिशेबात कमी मुळीच नाही.

बाकीचा सरंजाम असा : तारेचा मुखवटा १८७० च्या दशकाच्या उत्तरार्धात हार्वर्ड विद्यापीठाच्या संघात निघाला आणि १८७८ मध्ये त्याचं पेटंट झालं, म्हणजे वॉकरच्या काळात तो रुळला होता. छातीचं पॅड नुकतंच येऊ लागलं होतं. पायाचे पॅड मेजर लीगमध्ये रूढ झाले ते १९०७ मध्ये रॉजर ब्रेस्नहनने घातल्यावर. वॉकरची बरगडी का मोडली याचं उत्तर या तारखांतच आहे.

तुमच्या पत्रात मुलांना उघड्या हाताने सराव द्यावा का, असंही विचारलं आहे. टेनिसच्या चेंडूने, पाच-सहा मीटरवरून खालून टाकून, जरूर द्या. हात मागे ओढण्याची सवय त्यातूनच लागते. चामड्याच्या चेंडूने मुळीच नको. वाढत्या वयात बोटांच्या पेरांजवळचं हाड कच्चं असतं.

टोलेडोचा पिचर वॉकरचे इशारे पाळत नव्हता असं वाचलं. इशारा पाळला नाही तर एवढं काय बिघडतं?
— एक वाचक, नाशिक

तो पिचर टोनी मुलेन. टोलेडोने त्या वर्षी ४६ सामने जिंकले, त्यांतले ३६ मुलेनच्या नावावर आहेत. संघातला सगळ्यात मोठा खेळाडू तोच. त्याचं म्हणणं बऱ्याच वर्षांनी, १९१९ मध्ये, छापून आलं. त्याचा आशय असा : वॉकर हा मला मिळालेला सर्वोत्तम कॅचर होता, पण मला काळे लोक आवडत नसत, म्हणून त्याचे इशारे न बघता मी मनाला येईल तो चेंडू टाकायचो.

इशाऱ्याचं काम काय, ते समजलं की या कबुलीचं गांभीर्य कळतं. कॅचर बोटांनी सुचवतो की पुढचा चेंडू सरळ जोराचा की वळणारा. पिचरने मान्य केलं की चेंडू सुटण्याआधीच कॅचर आपलं वजन त्या बाजूच्या पायावर नेतो आणि हातांची उंची ठरवतो. वळणारा चेंडू शेवटच्या टप्प्यात वळतो. तो वळल्यावर हलायचं म्हटलं तर वेळ उरत नाही. उघड्या हातांच्या कॅचरला तर दुप्पट धोका : सरळ चेंडू समजून तळवे मांडले आणि चेंडू खाली घसरला, की तो थेट बोटांवर. वॉकर या परिस्थितीत खेळत होता, आणि समोरून हे मुद्दाम चाललं होतं.

बिघाडाची नोंद मात्र वॉकरच्याच नावावर पडते. कॅचरने अडवायला हवा होता असा चेंडू सुटून रनर पुढे सरकला तर त्याला ‘पास्ड बॉल’ म्हणतात आणि तो कॅचरच्या खाती जातो. अडवणं शक्यच नव्हतं असा चेंडू असेल तर ‘वाइल्ड पिच’, ती पिचरच्या खाती. ठरवतो स्कोअरर, लांब बसून. त्याला चेंडू हातातून निसटलेला दिसतो. इशारा काय होता आणि टाकलं काय, हे दिसत नाही. वॉकरचे पास्ड बॉल मोजून त्याच्या कॅचिंगला नावं ठेवणाऱ्यांनी मुलेनची कबुली त्या आकड्यांशेजारी लिहावी. आमच्या मते तिच्याशिवाय त्या आकड्यांना अर्थ नाही.

०.२६३ म्हणजे नेमकं किती? क्रिकेटची सरासरी ५० असते, ही तर एकच्या आत!
— एक विद्यार्थिनी, सातारा

इथे धावा मोजत नाहीत. बॅटिंगला आल्यावर किती वेळा फटका मारून बेस गाठला ते मोजतात. ४० भागिले १५२ बरोबर ०.२६३. चार ‘बॉल’ (बॅटरला मारण्याजोगे नसलेले चेंडू) झाल्यावर मिळणारा फुकटचा बेस त्या १५२ मध्ये धरत नाहीत. (चारचा हा नियम १८८९ चा, वॉकरच्या वेळी याहून जास्त बॉल लागत.) फटक्यांचं वजन पाहायचं तर दुसरा हिशेब करायचा : वॉकरच्या ४० पैकी २ दुहेरी (दोन बेस देणाऱ्या), ३ तिहेरी, होमरन एकही नाही, म्हणजे एकेरी ३५. एकूण बेस ३५ + ४ + ९ = ४८; भागिले १५२ = ०.३१६. बेसबॉलमध्ये ०.२६३ दशांशचिन्ह सोडून वाचतात; पन्नासच्या जागी दोनशे त्रेसष्ट वाचायची सवय दोन दिवसांत होते.

कृष्णवर्णीयांना बंदी असा नियम कुठे लिहिलेला होता का? असल्यास तो कोणी, कधी केला?
— एक वाचक, नागपूर

मेजर लीगच्या नियमपुस्तकात असं कलम कधीच नव्हतं. म्हणूनच ते उखडून काढायला इतका काळ लागला. न लिहिलेल्या कलमाविरुद्ध अपील कुठे करणार?

लेखी बंदी झाली ती आधी, १८६७ मध्ये, हौशी क्लबांच्या राष्ट्रीय संघटनेत. ती संघटना पुढे मोडली. व्यावसायिक लीगमध्ये मग एकेक दार वेगवेगळ्या हातांनी लोटलं गेलं.

ऑगस्ट १८८१, लुईव्हिल. वॉकर क्लीव्हलँडच्या व्हाइट शिलाई यंत्र कंपनीच्या संघाकडून खेळायला गेला होता. लुईव्हिलच्या खेळाडूंनी हरकत घेतली आणि त्याला बसवलं. त्याच्या जागी उभा राहिलेल्या कॅचरचे हात थोड्याच वेळात ठेचले गेले आणि त्याने पुढे खेळायला नकार दिला. प्रेक्षकांनी वॉकरच्या नावाचा गजर केला, तो सरावाला मैदानात उतरला, तेव्हा लुईव्हिलचे दोघे खेळाडू तंबूत निघून गेले. शेवटी तिसऱ्या बेसवरच्या माणसाला कॅचर केलं. क्लीव्हलँड हरलं. वॉकरचा मेजर लीगमधला पहिला सामना १ मे १८८४ रोजी झाला तो याच लुईव्हिलमध्ये.

मार्च १८८३. नॉर्थवेस्टर्न लीगच्या बैठकीत पिओरिया क्लबने कृष्णवर्णीयांना बंदीचा ठराव आणला. चर्चेनंतर तो बारगळला, आणि त्या वर्षी टोलेडोने ती लीग जिंकली.

१० ऑगस्ट १८८३, टोलेडो. शिकागोचा कर्णधार कॅप ॲन्सन वॉकर असेल तर खेळणार नाही म्हणाला. वॉकरचे हात दुखावले होते, त्या दिवशी तो खेळणारच नव्हता. टोलेडोचे व्यवस्थापक चार्ली मॉर्टन यांनी हे ऐकल्यावर त्याला मुद्दाम उजव्या आउटफील्डमध्ये उभं केलं आणि ॲन्सनला सांगितलं की खेळला नाहीत तर तिकिटांच्या पैशातला वाटा मिळणार नाही. ॲन्सन खेळला. मॉर्टन यांचं नाव या प्रकरणात क्वचितच घेतलं जातं, म्हणून इथे आवर्जून घेतो.

सप्टेंबर १८८४. रिचमंड शहरातून मॉर्टन यांना पत्र आलं : वॉकर खेळायला उतरला तर ७५ माणसांनी त्याच्यावर चालून जायची शपथ घेतली आहे. टोलेडोचा संघ तिथे पोचला तेव्हा वॉकरचा करार संपलेला होता.

आणि १४ जुलै १८८७. वॉकर तेव्हा नेवार्कला होता. पिचर जॉर्ज स्टोव्ही आणि कॅचर वॉकर ही दोन्हीही कृष्णवर्णीय असलेली जोडी तिथे गाजत होती. त्या दिवशी ॲन्सनच्या शिकागोविरुद्ध प्रदर्शनीय सामना होता. स्टोव्हीने पिचिंग करायचं ठरलं होतं, पण तो खेळला नाही. त्याच दिवशी बफेलोमध्ये इंटरनॅशनल लीगच्या (नेवार्क जिच्यात खेळे त्या खालच्या लीगच्या) क्लबांनी ६ विरुद्ध ४ मतांनी ठरवलं की यापुढे कृष्णवर्णीय खेळाडूंशी नवे करार करायचे नाहीत. आधीचे करार चालू राहिले, आणि हंगाम संपल्यावर लीगने बंदी थोडी सैल केली, म्हणून वॉकर सिरॅक्यूजकडून १८८९ च्या ऑगस्टपर्यंत खेळू शकला. त्याच्यानंतर त्या लीगमध्ये कृष्णवर्णीय खेळाडू दिसला तो १९४६ मध्ये, माँट्रियलचा जॅकी रॉबिन्सन. मेजर लीगचं दार उघडलं १५ एप्रिल १९४७ रोजी, पुन्हा रॉबिन्सनसाठीच.

मग पहिला कोण? रॉबिन्सन, वॉकर की आणखी कोणी?
— एक वाचक, मडगाव

रॉबिन्सन विसाव्या शतकातला पहिला. उघडपणे कृष्णवर्णीय म्हणून मेजर लीगमध्ये पहिला उतरला तो वॉकर. त्याचा धाकटा भाऊ वेल्डी दुसरा. जुलै १८८४ मध्ये आउटफील्डर कमी पडले तेव्हा टोलेडोने त्याला पाच सामन्यांपुरतं घेतलं होतं.

वॉकरच्याही आधी, २१ जून १८७९ रोजी, विल्यम एडवर्ड व्हाइट हा ब्राउन विद्यापीठाचा विद्यार्थी प्रॉव्हिडन्सकडून एक सामना खेळला. नेहमीचा पहिल्या बेसवरचा खेळाडू जखमी होता म्हणून. व्हाइटची आई जॉर्जियातली गुलाम स्त्री आणि वडील तिचे मालक, हे संशोधकांनी कागदपत्रांतून अलीकडे उजेडात आणलं. पण व्हाइट स्वतः गोरा म्हणूनच वावरला आणि सहकाऱ्यांनाही तो तसाच वाटला. वंशाने पाहायचं तर मान त्याचा. पण त्याला कुणी शिव्या दिल्या नाहीत, त्याच्यासाठी कुठे बैठक बसली नाही. वर्णभेदाला अंगावर घेऊन खेळलेला पहिला माणूस विचाराल तर आम्ही वॉकरचंच नाव घेऊ.

हे वाचताना बाळू पालवणकर आठवले. तुलना करता येईल का?
— एक वाचक, मुंबई

करता येईल, पण फरक जपून. दोघांच्याही बाबतीत कौशल्य निर्विवाद होतं. हिंदू संघाचे दलित गोलंदाज असलेल्या बाळूंनी १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी घेतले, आणि त्याच बाळूंना पुण्यात सहखेळाडूंपासून वेगळं बसवून मातीच्या भांड्यात चहा दिला जाई. मात्र बाळूंना संघात ठेवून हिंदू संघाचं कर्णधारपद नाकारलं गेलं. ते पुढे १९२३ मध्ये त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना मिळालं. वॉकरला संघाबाहेरच ठेवलं. आणखी एक दुवा आहे तो आधीचा : अमेरिकेत गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये आपलं ‘गुलामगिरी’ अर्पण केलं, तेव्हा ओहायोत वॉकर सोळा वर्षांचा होता.

खेळ सुटल्यावर त्याने काय केलं?
— एक वाचक, अकोला

बरंच, आणि सगळंच सुखाचं नाही. १८९१ च्या एप्रिलमध्ये सिरॅक्यूजच्या रस्त्यात काही गोऱ्या माणसांशी झालेल्या झटापटीत त्याच्या चाकूने एक जण मेला. जूनमध्ये ज्युरीने त्याला निर्दोष सोडलं. त्याच वर्षी त्याने तोफगोळ्याच्या रचनेचं पेटंट घेतलं. टपाल खात्यात नोकरी करताना पत्रांतले पैसे चोरल्याच्या आरोपात दोषी ठरून त्याने वर्षभराचा तुरुंगवास भोगला. नंतर ओहायोतल्या काडीझ गावी नाट्यगृह चालवलं, तिथे चित्रपटही दाखवले, आणि १९२० मध्ये फिल्मच्या रिळांसंबंधी पेटंट मिळवली. १९०८ च्या एका पुस्तिकेत त्याने कृष्णवर्णीयांनी अमेरिका सोडून आफ्रिकेत जावं असं मांडलं. कायद्याचं शिक्षण घेतलेला, ओबर्लिन आणि मिशिगनमध्ये शिकलेला माणूस या निष्कर्षाला आला होता. ११ मे १९२४ रोजी तो क्लीव्हलँडमध्ये वारला.

आम्ही न्यू जर्सीत असतो. उन्हाळ्यात मुलांना घेऊन ओहायोला जाणार आहोत. काय पाहता येईल? आणि १८८४ चे मूळ स्कोअर घरी बसून बघायचे तर कुठे शोधायचे?
— एक वाचक कुटुंब, न्यू जर्सी

स्टूबेनव्हिलच्या युनियन सेमेटरीत त्याची कबर आहे. ती बरीच वर्षं विनाखुणेची होती, ओबर्लिन कॉलेजच्या लोकांनी नंतर दगड बसवला. टोलेडोत आजच्या बेसबॉल मैदानाजवळच्या चौकाला त्याचं नाव आहे. ७ ऑक्टोबर हा त्याचा जन्मदिवस ओहायो राज्याने २०१७ मध्ये त्याच्या नावाने जाहीर केला, त्या सुमारास गेलात तर उत्तम. नेवार्क तर तुमच्या घराजवळच आहे.

स्कोअरसाठी अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या मोफत वृत्तपत्रसंग्रहात शोधा. आधी बेसबॉल रेफरन्सच्या संकेतस्थळावर टोलेडोचं १८८४ चं पान काढून सामन्याची तारीख आणि गाव टिपून घ्या, मग त्या गावचं दुसऱ्या दिवशीचं वर्तमानपत्र उघडा. नाव टाकून शोधण्यापेक्षा हे बरं, कारण जुन्या छपाईत अक्षरं पुसट असतात आणि यंत्राला ‘वॉकर’ वाचता येत नाही. सोमवारचा अंक नसेल तर मंगळवारचा बघा.

स्कोअरमध्ये तीन ठिकाणी फसायला होतं. एक, फक्त आडनाव छापलेलं असतं. जुलैमधल्या सामन्यांत दोन वॉकर असू शकतात, म्हणून पुढची खूण पाहा : ‘सी’ असेल तर कॅचर फ्लीट, आउटफील्डची खूण असेल तर बहुधा वेल्डी. दोन, समोर ब्रुकलिनचा संघ असेल तर त्यांच्याकडेही ऑस्कर वॉकर नावाचा गोरा खेळाडू होता; रकाना कोणत्या संघाचा ते आधी तपासा. तीन, ‘१बी’ अशा शीर्षकाचा रकाना दिसला तर तो पहिल्या बेसवरचा खेळाडू नव्हे आणि नुसत्या एकेरी फटक्यांचाही नव्हे. बऱ्याच वर्तमानपत्रांत त्या काळी सगळ्या हिट त्याच शीर्षकाखाली छापत. मुलांना बेरीज करायला लावा : दोन्ही संघांच्या धावा इनिंगनिहाय छापलेल्या बेरजेशी जुळल्या तर बाकीचा रकानाही बहुतेक बरोबर उतरवला आहे असं धरायला हरकत नाही. जुळल्या नाहीत तर त्याच सामन्याचा दुसऱ्या गावच्या पेपरातला स्कोअर काढून शेजारी ठेवा.